शाखेचं निशाण हाताने शिवतो आहोत : जुन्याचं काय करावं, नवं कसं करावं?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. आमची संघटना बायकांच्या शिक्षणाचं काम करते. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांचे वर्ग, परीक्षेची फी, पुढे शिकणाऱ्या मुलींना बिनव्याजी कर्ज, असं सगळं. शाखा पुष्कळ आहेत. दर अधिवेशनाला प्रत्येक शाखा आपलं निशाण घेऊन येते आणि सभागृहात ती ओळीने टांगली जातात. नियम एकच आहे : निशाण शाखेतल्या बायकांनी हाताने केलेलं हवं, छापील चालत नाही. ('बॅनर' म्हटलं की छापील फ्लेक्सच डोळ्यांपुढे येतो, म्हणून आम्ही सगळ्याजणी 'निशाण'च म्हणतो.)

आमचं निशाण शाखा सुरू झाली त्या वर्षीचं आहे. गडद निळं रेशीम आणि मधोमध एक मोठा चष्मा. पहिल्या वर्गाला आलेल्या बहुतेकजणींना चाळिशी लागलेली होती आणि कुणाकडेच चष्मा नव्हता. पुस्तकातलं अक्षर पुसट दिसायचं, आणि आपल्या डोक्यातच काही शिरत नाही असं त्यांना वाटायचं. शाखेने पहिली वर्गणी काढली ती चष्म्यांसाठी. चष्म्याखाली एकवीस सह्या आहेत. त्या वर्षी लिहायला शिकलेल्या बायकांनी पेन्सिलीने कापडावर नाव लिहिलं आणि त्यावर स्वतःच टाके घातले.

हे निशाण इतकी वर्षं घडी घालून ट्रंकेत होतं. परवा उघडलं तर घडीच्या रेषांवर रेशीम चिरलेलं आहे, आणि एक चीर थेट दोन सह्यांमधून गेली आहे. मागून फ्यूजिंगचं कापड इस्त्रीने चिकटवून टाकू, असं एकीने सुचवलं. मी हात धरून थांबवलं, पण माझ्याकडे दुसरा उपायही नाही. अधिवेशनाला चार महिने आहेत. जुनं दुरुस्त करावं की नवं करावं? नवं केलं तर सह्यांचं काय?

ताणाबाणा
आधी हे : इस्त्री नको, धुणं नको, फ्यूजिंग तर मुळीच नको. फ्यूजिंगचा गोंद गरम झाला की रेशमाच्या धाग्यात मुरतो आणि पुढे तो काढता येत नाही. वर तो भाग कडक होतो, मग पुढची चीर त्या कडक भागाच्या काठावर पडते. तुम्ही थांबवलंत ते फार बरं केलंत.

रेशीम घडीवर का चिरतं ते सांगते. घडीच्या रेषेवर धागा कायम वाकलेला राहतो, धूळ तिथेच साचते, आणि दर वेळी घडी त्याच रेषेवर पडते. उजेडाने धागा आधीच अशक्त झालेला असतो. फार जुन्या रेशमात आणखी एक कारण असतं. कच्चं रेशीम उकळून त्यातला डिंक काढला की वजन चौथाईच्या आसपास घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कारखान्यांत रेशीम कथिलाच्या क्षारांत बुडवायचे. कापड छान जड आणि सळसळतं व्हायचं, पण हेच क्षार पुढे धागा आतून ठिसूळ करतात. अशा रेशमाच्या उभ्या चिंध्या होतात, कुणी हात न लावताही. तुमचं कापड तसं आहे का, हे हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. तोवर ते तसंच आहे असं धरून वागा.

स्वच्छ पांढऱ्या सुती चादरीवर निशाण सपाट पसरा. उचलायचं ते चादरीसकट, टोकं धरून नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, प्रत्येक सहीचा वेगळा. मग जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, निशाणाच्या रुंदीपेक्षा लांब आणि शक्य तेवढी जाड. तिच्यावर आम्लरहित टिश्यू कागद गुंडाळा आणि निशाण भरतकामाची बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळा. बाजू बाहेर अशासाठी की आत आली तर टाके दबतात आणि चुण्या दर्शनी कापडावर पडतात. बाहेर ठेवली तर चुण्या अस्तरावर जातात. वरून धुतलेल्या मांजरपाटाची खोळ. प्लॅस्टिक नको, ओल धरतं.

आणि हे निशाण आता टांगू नका. स्वतःच्या वजनानेच ते फाटत जाईल.

मीरा_के
मी दुसऱ्या एका संघटनेच्या शाखेत आहे आणि आमचंही असंच झालं होतं. आम्ही नवं केलं आणि जुनं सपाट पेटीत ठेवलं. माझं मत स्पष्ट आहे : नवं करा आणि ते देखणं करा. भिंतीवर तीस-चाळीस निशाणं शेजारी शेजारी लागतात तेव्हा वाकडंतिकडं काम लगेच डोळ्यांत भरतं. सह्या हव्याच असतील तर एखाद्या चांगल्या भरतकाम करणारीकडून एकसारख्या करून घ्या. इतक्या बायकांनी सुई चालवली की टाक्यांचा ताण वेगवेगळा पडतो, कापड ओढलं जातं, चुण्या येतात.

सुईदोरा
ताणाबाणा, मनापासून आभार. आजच चादरीवर काढते.

मीरा, ताणाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण एकसारख्या सह्या मला पटत नाहीत. आमच्या निशाणावर पाहण्यासारखं जे आहे ते त्या सह्याच आहेत. एकीचा 'र' उलटा पडला आहे, एकीने शिरोरेषा आधी काढून तिला अक्षरं टांगली आहेत आणि शेवटचं अक्षर मावेना म्हणून खाली उतरवलं आहे. ते पाहताना तिचा हात दिसतो.

जुनी_पानं
या चर्चेत इतिहासाची थोडी भर घालते, कारण हाच वाद फार जुना आहे.

ब्रिटनमध्ये बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत निशाणांचं मोठं काम झालं. १३ जून १९०८ ला लंडनमध्ये दहा हजारांहून अधिक बायकांची मिरवणूक निघाली. तिच्यासाठी आर्टिस्ट्स सफ्रेज लीग या चित्रकर्तींच्या गटाने निशाणांची अख्खी मालिका तयार केली. बहुतेकांची रेखाटनं मेरी लाउंड्स यांची. त्यांचा मूळ व्यवसाय रंगीत काचांच्या खिडक्या करण्याचा, आणि निशाणांत ते लगेच ओळखू येतं : सपाट रंगांचे मोठे तुकडे, भोवती ठसठशीत कड, बारीक तपशील जवळजवळ नाहीच. लांबून दिसायचं म्हणजे काय, हे खिडक्या करणाऱ्या बाईला वेगळं शिकावं लागलं नाही. गावोगावच्या शाखांची निशाणं होती, तशी मेरी क्युरी आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावांचीही होती. लाउंड्स यांची रेखाटनं आणि कापडाचे नमुने डकवलेली वही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या विमेन्स लायब्ररीत जपलेली आहे.

त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते केंब्रिजमध्ये शिकलेल्या बायकांचं निशाण. फिकट निळं रेशीम, त्यावर गर्टन आणि न्यूनहॅम या बायकांच्या दोन कॉलेजांची मानचिन्हं, आणि 'शस्त्रांपेक्षा शहाणपण बरं' अशा अर्थाचं बायबलमधलं वचन. गर्टन १८६९ चं, न्यूनहॅम १८७१ चं. म्हणजे निशाण निघालं तेव्हा बायका तिथे जवळपास चाळीस वर्षं शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, उत्तीर्ण होत होत्या. पण केंब्रिज त्यांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी देत नव्हतं. ती १९४८ मध्ये मिळाली. ते निशाण धरून चाललेल्या बायकांकडे विद्या होती आणि पदवी नव्हती. ही गोष्ट मला ठाऊक झाली तेव्हापासून त्या निळ्या रेशमाकडे मी नुसतं भरतकाम म्हणून पाहू शकत नाही.

आता तुमच्या सह्यांचं. १९१० मध्ये ग्लासगो कला विद्यालयात भरतकाम शिकवणाऱ्या अॅन मॅक्बेथ यांनी एक गोधडी केली. याच चळवळीत तुरुंगात जाऊन उपोषण केलेल्या ८० बायकांच्या सह्या कापडाच्या चौकोनांवर भरून ते चौकोन जोडले होते. त्याच गोधडीला कड आणि घोषवाक्य लावून तिचं निशाण झालं आणि १८ जून १९१० च्या मिरवणुकीत ते निघालं. आता ते लंडनच्या संग्रहालयात आहे. त्या सह्या एकसारख्या असत्या तर ती नुसती यादी झाली असती.

मीरा_के
केंब्रिजचं माहीत नव्हतं. चाळीस वर्षं शिकून पदवी नाही, हे वाचून थांबलेच. सह्यांबाबत माझं म्हणणं मागे घेते. पण बाकीचं काम तरी नेटकं असू द्या.

शिवणयंत्र
नेटकेपणाचं माझ्यावर सोपवा. ताणाचा प्रश्न मीरा म्हणतात तसा खरा आहे आणि त्याला सोपा उपाय आहे. सह्या थेट निशाणावर घेऊच नका. सुती कापडाच्या पट्ट्या कापा, प्रत्येकीला एक. मागे पातळ मांजरपाट कच्च्या टाक्याने जोडून द्या आणि कापड रिंगमध्ये ताणून भरायला सांगा. पट्टी परत आली की ओली करून, टाचण्यांनी बोर्डावर ताणून वाळवा. मग कुणाचा टाका घट्ट असो की सैल, पट्टी सरळ होते. त्याआधी कापड आणि दोरे धुऊन घ्या. कापड आटू द्या आणि दोऱ्याचा रंग जातो का तेही पाहून ठेवा. लाल दोरा सगळ्यांत बेभरवशाचा.

मुख्य कापड रेशीम घेऊ नका. जाड सुती साटीन घ्या. आणि उभा धागा निशाणाच्या उंचीच्या दिशेनेच ठेवा. कापड वाचवायला म्हणून आडवं लावलं की महिन्याभरात मधोमध झोळ येतो. अस्तर मागून पूर्ण शिवून बंद करू नका. वर आणि बाजूंना शिवा, खाली मोकळं सोडा. दोन कापडं हवेतल्या दमटपणाने वेगवेगळी लांबतात-आखडतात. चारी बाजूंनी डांबली की पुढचं कापड फुगतं.

काठीसाठी वर नेफा. तो निशाणाच्या कापडाचा दुमडून करू नका, वेगळ्या जाड कॅनव्हासचा करून आतून जोडा, कारण सगळं वजन त्या एका ओळीवर येतं. खालच्या कडेतही पातळ नेफा ठेवून लाकडी पट्टी घाला, निशाण सरळ पडतं.

मिरवणुकीत बाहेर नेणार आहात का? तसं असेल तर मापाचा विचार वेगळा करावा लागेल.

सुईदोरा
हो, सभागृहात नेण्याआधी मैदानाला एक फेरी असते. जुनं निशाण दोन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद आहे. तेवढंच करायचा विचार होता.

शिवणयंत्र
म्हणजे तीन चौरस मीटर. ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, आणि तो काही वादळी वारा नव्हे, तर एवढ्या कापडावर साधारण १५ किलोच्या ओझ्याइतका जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. झुळूक आली की दोन्ही काठ्या धरणाऱ्या मागे ढकलल्या जातात. कापडाला भोकं पाडून काही होत नाही, नुसतं कापड कमकुवत होतं. वरच्या दोन टोकांना दोर बांधा आणि दोघीजणींना पुढून ते धरून चालू द्या, दोघी काठ्यांपाशी. रुंदी सव्वा मीटरवर आणलीत तर आणखी सोपं.

एक जुनी माहिती, विषय निघालाच आहे म्हणून. लंडनच्या जॉर्ज टटिल यांचा कारखाना कामगार संघटनांची प्रचंड रेशमी निशाणं करायचा. त्यांनी १८६१ मध्ये रेशमावर रबराचा लेप देण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे वर तैलरंग चढवला तरी कापड लवचीक राहावं. त्यांतली बरीच निशाणं आता मँचेस्टरच्या पीपल्स हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत आणि ती सांभाळायला तिथे वेगळी कार्यशाळा आहे.

अक्षररेषा
माझा प्रांत अक्षरांचा, म्हणून तेवढंच बोलते.

शाखेचं नाव कापलेल्या कापडाचं करणार असाल तर आधी उंची ठरवा. अडीच सेंटिमीटरचं अक्षर साधारण तीन मीटरवरून आरामात वाचता येतं. सभागृहात वीस मीटरवरून दिसायला हवं असेल तर सतरा सेंटिमीटर लागेल. ही मापं रोमन लिपीला धरून सांगितली जातात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. एका ओळीच्या जागेत हे सगळं बसवलं की मधलं मूळ अक्षर लहान होतं. म्हणून मी शिरोरेषेपासून खालची उंची सतरा धरेन आणि वर-खाली पुन्हा जवळपास तेवढीच जागा सोडेन.

शिरोरेषा मात्र कापडकामात देवाघरची देणगी आहे. प्रत्येक अक्षर वेगळं कापून सरळ ओळीत लावायला फार त्रास होतो. त्याऐवजी आधी पूर्ण शब्दाची शिरोरेषा एका फितीची घाला, आखलेल्या रेषेवर, आणि मग अक्षरं तिच्याखाली एकेक सरकवून टाचा. 'थ', 'ध', 'भ' या तिघांच्या डोक्यावर तेवढी फीत तोडायला विसरू नका. 'ध'वर रेषा गेली की लांबून 'घ' दिसतो, आणि 'भ'चा 'म' होतो. शिक्षणसंस्थेच्या निशाणावर तसं झालं तर जन्मभर बोलणी खावी लागतील.

अक्षरांच्या आतल्या पोकळ्या कागदावर दिसतात त्यापेक्षा मोठ्या कापा. कड दुमडून हेम घातली की 'व' आणि 'ब' बुजतात. कड काज टाक्याने घेतलीत तर दुमडावी लागत नाही आणि लाउंड्सबाईंच्या काचेसारखी ठसठशीत बाह्यरेषाही मिळते.

शब्द मात्र कमी ठेवा. शाखेचं नाव आणि वर्ष. संघटनेचं लांबलचक नाव, ब्रीदवाक्य, पत्ता हे सगळं कापडावर चढवलं की निशाणाची नोटीस होते.

पहाटवारा
चित्राबद्दल एक विचारू? आमच्या अधिवेशनात निम्म्या निशाणांवर उघडं पुस्तक आणि समई आणि मागे उगवता सूर्य असतो. शाखा ओळखायची तरी कशी?

जुनी_पानं
या प्रश्नावर अमेरिकेतल्या पी.ई.ओ. या संघटनेचं उदाहरण आठवतं. १८६९ मध्ये आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट इथे सात विद्यार्थिनींनी ती सुरू केली. पुढे ती बायकांच्या शिक्षणासाठी कर्ज आणि शिष्यवृत्त्या देऊ लागली, आणि कॉटी कॉलेज हे बायकांचं कॉलेज १९२७ मध्ये तिच्याकडे आलं. या संघटनेत शाखांना गावांची नावं नसतात, नुसती अक्षरं असतात, 'ए', 'बी', 'सी' आणि पुढे दोन-दोन अक्षरं. बोधचिन्ह सगळ्यांचं एकच, तारा. फूलही एकच, डेझीसारखं पांढरं. अशा संघटनेत एखाद्या शाखेने निशाण करायचं म्हटलं तर तिच्याकडे स्वतःचं असं एक अक्षरच उरतं, आणि बाकी सगळं त्या बायकांना आपल्या कामातून शोधावं लागतं.

पुस्तक आणि सूर्य चुकीचे नाहीत, पण ते सगळ्यांचेच आहेत. सुईदोरा यांच्या शाखेचा चष्मा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. पहाटवारा, तुमच्या शाखेने पहिल्या वर्षी पैसे कशावर खर्च केले ते जुन्या हिशेबवहीत पाहा. तिथे तुमचं चित्र सापडेल असं मला फार वाटतं.

पहाटवारा
पाहिलं. पहिली नोंद पाळण्याची आहे! वर्गाला येणाऱ्या आयांच्या तान्ह्यांसाठी. आमच्या निशाणावर आजवर सूर्य होता.

सुईदोरा
पाळणा! पहाटवारा, तो कराच.

आमची बातमी. जुनं निशाण नळीवर गुंडाळून ठेवलं, सगळे फोटो झाले. नवं सव्वा मीटर रुंदीचं ठरलं. निळं साटीन आलं, धुऊन चार बोटं आटलं, म्हणजे शिवणयंत्र यांनी सांगितलं नसतं तर चांगलंच महागात पडलं असतं. चष्म्याच्या भिंगांना चमकतं रुपेरी साटीन लावतो आहोत आणि काड्यांना काळी मखमल. नव्या निशाणावर या वर्षी वर्ग पूर्ण केलेल्या चौतीसजणींच्या सह्या येणार आहेत. पट्ट्या वाटल्या.

ताणाबाणा
मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला ठेवा. एक काडी उलट्या लवेची झाली तर ती राखाडी दिसते.

सुईदोरा
पाच आठवड्यांनी येते आहे, आणि एक अडचण घेऊन. पट्ट्या परत आल्या, चौतीसच्या चौतीस. त्यातल्या एकीच्या नावातला अनुस्वार राहून गेला आहे. शिवताना नव्हे, लिहितानाच. नावाचा अर्थच बदलतो. कार्यकारिणीत दोन तट पडले. एक म्हणतो की शिक्षणाच्या निशाणावर अशुद्ध नाव जाऊ द्यायचं नाही, गुपचूप एक टाका घालून टाकू. दुसरा म्हणतो की तिच्या सहीला कुणी हात लावायचा नाही. मी दुसऱ्या बाजूला आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण रात्री झोप लागत नाही. ती सही वर्षानुवर्षं भिंतीवर राहील, आणि उद्या ती स्वतः वाचेल तेव्हा तिला कसं वाटेल?

अक्षररेषा
माझ्या हातून शुद्धलेखन सहजी सुटत नाही, तरी सांगते, गुपचूप टाका घालू नका. ती वर्गात येते ती स्वतःचं स्वतः लिहिता यावं म्हणून. तिच्या नावात दुसऱ्या कुणाचा टाका असला तर ते तिला कळेल, लिहिणाऱ्याला आपला हात ओळखता येतो.

मीरा_के
पण तिला न सांगणंही बरोबर नाही. वर्गात एरवी वहीतली चूक दाखवता ना? तशीच इथे दाखवा. चारचौघांत नको.

शिवणयंत्र
मीरा यांच्याशी सहमत. पट्टी अजून जोडलेली नाही ना? मग वेळ आहे. तिच्याच हातात परत द्या.

सुईदोरा
दिली. वर्ग संपल्यावर थांबवलं आणि पट्टी पुढे ठेवली. मी काहीच बोलले नाही. तिने चष्मा लावला, बोटाने एकेक अक्षर वाचत गेली आणि दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या अक्षरावर थांबली. "इथं टिंब हवं होतं," म्हणाली. मी विचारलं, तसंच राहू दे का? तर म्हणाली, "का? मला येतंय की आता."

तिचा हिरवा दोरा संपला होता. डब्यातून तिने पिवळा काढला, सुईवर दोन वेढे घेतले आणि गाठीचा टाका घातला, शिरोरेषेच्या वर, थोडा उजवीकडे. निशाण काल पूर्ण झालं. चौतीस सह्यांत तो एकच पिवळा ठिपका आहे आणि दारातून आत आलं की आधी तोच दिसतो.